भाऊजी येऊन राह्यले

आमच्या घरी एक माणूस सतत येत असे. माझे धाकटे दीर. वर्षातले बरेच महिने ते गळ्यात कॅमेरा अडकवून कुठल्यातरी वाळवंटात, डोंगरात नाहीतर जत्रेत हिंडत असत आणि उरलेले महिने आमच्याकडे येत असत. आले, असं मात्र त्यांच्याबद्दल कोणी म्हणत नसे. ते स्वतःही म्हणत नसत. त्यांचा फोन एकाच वाक्याचा असायचा. "येऊन राह्यलो." एवढं बोलून ते फोन ठेवून देत. कुठून, कधी, किती दिवसांसाठी, हे विचारायला पलीकडे कोणी उरलेलं नसायचं.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही, आणि जो कळला तो भलताच कळला. मी मिरजेची. लग्न ठरल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुलगी बालाघाटला दिली असं सगळ्यांना सांगितलं. आमच्या निम्म्या नातेवाइकांना बालाघाट म्हणजे बीडकडचे डोंगर एवढंच ठाऊक. लेकीला डोंगरात दिली म्हणून त्यांनी आबांचं सांत्वन केलं. खरं बालाघाट मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या काठी, चांगलं सपाट. माझ्या सासरची माणसं तिथे आज्या-पणज्यापासून सरकारी नोकरीत. बाहेर हिंदी, घरात मराठी. फक्त त्या मराठीची आणि माझ्या मराठीची पत्रिका कोणी जुळवून पाहिली नव्हती.

लग्नाला महिनाही झाला नसेल. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता, शेजारी तांदळाच्या व्यापाऱ्यांकडे होता. तिथून हाक आली म्हणून आमचे हे गेले आणि परत येऊन म्हणाले, "थो येऊन राह्यला."

"कोण?"

"लहान्या. रायपूरवरून."

"रायपूरला येऊन राहिले?"

"हौ," हे म्हणाले आणि पेपरात शिरले.

मला वाईट वाटलं. हे गृहस्थ सख्ख्या भावाच्या लग्नाला नव्हते, हिमालयात होते. आता रायपूरपर्यंत आले आणि तिथेच राहिले, पुढे येऊन वहिनीचं तोंड पाहावं असंही त्यांना वाटलं नाही. मी त्या न पाहिलेल्या दिराशी मनातल्या मनात अबोला धरला आणि आम्हा दोघांपुरत्या पोळ्या केल्या. संध्याकाळी दार वाजलं.

दारात दाढी उभी होती. तिच्याखाली दोन कॅमेरे, सतरा खिशांचं जाकीट आणि पाठीवर कॅनव्हासची पिशवी. मी ओळखलं, बाजूला झाले, "या" म्हटलं. ते आत आले नाहीत.

"वहिनी, जरा दार लावून घेता का? मंग अजून एकबार उघडा. आत्ता लाइट बराबर नवता."

मी नवी नवरी. लावून घेतलं, उघडलं. क्लिक झालं.

"आता तुमी थोड्या मांगं सरका. फक्त दार पायजे."

तिसऱ्यांदा मी दाराआड लपले आणि हात लांब करून दार असं उघडलं की ते आपोआप उघडल्यासारखं दिसावं. मग कुठे दिरांचा गृहप्रवेश झाला. घरात त्यांच्यापुरत्या पोळ्या नव्हत्या.

"अवं, येऊन राह्यला म्हंजे येते," आमच्या ह्यांनी मला स्वयंपाकघरात येऊन समजावलं. "निघाला हाये. रस्त्यात हाये."

"मग राहिले कुठे?"

"राह्यला नाई ना. येऊन राह्यला."

मी कणीक भिजवायला घेतली. आमच्या मिरजेत माणूस येऊन राहिला म्हणजे त्याने पिशवी ठेवली, पाय धुतले, रात्री पांघरायला काय आहे ते विचारलं. इथे माणूस येऊन राह्यला म्हणजे तो अजून पोचलेलाच नसतो. राहणे या क्रियापदाची इतकी थट्टा मी कुठे पाहिली नव्हती. पुढे दिरांची ओळख झाली तशी वाटायला लागलं की भाषेचं काही चुकलेलं नाही. त्यांची ती कॅनव्हासची पिशवी महिना-महिना खुंटीवर असायची, पण रिकामी कधी केली जात नसे. साबण हवा असला तरी ते तिच्यात हात घालून साबण काढायचे आणि वापरून झाला की परत तिच्यात टाकायचे.

त्यांनी हिमालय पाहिला होता, मिठाचं रण पाहिलं होतं, मोठमोठ्या मासिकांत त्यांचे फोटो छापून येत. पण तिशीच्या आसपास त्यांना असा साक्षात्कार झाला की जगातल्या सगळ्या सुंदर ठिकाणांचे फोटो इतरांनी काढले आहेत, आता राहिलं आहे ते रोजचं. आणि रोजचं पाहायला रोजच्या जागीच यायला हवं. त्या दिवसापासून माझं घर हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. "घर पाहाचं असन तं घरापासून दूर जा लागते," हे त्यांचं आवडतं वाक्य. दूर जाऊन ते परत आले की चहा पिता पिता मला ते ऐकवत. मी घरातच असायचे, त्यामुळे त्यांच्या हिशेबाने मला घर दिसतच नव्हतं.

त्यांना दिसायचं. कुकरच्या शिट्टीखाली साठलेली वाफ दिसायची, दोरीवर वाळणारे पायमोजे दिसायचे. एकदा दुधाची करपलेली कढई मी घासायला घेतली तर हातातून काढून घेतली. खिडकीतून येणारा उजेड त्या करपलेल्या भागावर दुपारी कसा पडतो ते त्यांना पाहायचं होतं, आणि त्या दिवशी नेमकं ढग आले. कढई दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवावी लागली. शेजारीण आली, तिने कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "यात घर हाये," भाऊजी तिला म्हणाले. ती हिंदीभाषक, तिला काय कळलं देव जाणे, पण त्यानंतर तिने आमच्याकडचा चहा घेतला नाही.

एका दिवाळीला मी चांगली साडी नेसले, गजरा माळला आणि त्यांना म्हटलं, "भाऊजी, माझा एक काढा की." ते खुशीत उठले. मला बैठकीच्या भिंतीशी उभं केलं, कॅमेऱ्यातून बराच वेळ पाहिलं. मग जवळ आले आणि म्हणाले, "वहिनी, जरा बाजूले होता का?" माझ्या मागे भिंतीवर एक तेलाचा डाग होता. दुपारी मी तिथे टेकून बसते, तेव्हा डोक्याचं तेल लागून तो पडला होता. त्यांनी त्या डागाचे मनसोक्त फोटो काढले.

"आणि माझा?"

"माणूस आला का फोटो बिघडते, वहिनी."

तो डाग नागपूरच्या प्रदर्शनात लागला. लोकांनी त्याच्यासमोर उभं राहून कौतुक केलं म्हणतात. डोकं त्या वेळी बालाघाटला भाजी निवडत होतं.

कोठीची खोली त्यांनी फोटो धुवायला घेतली. खिडकीला काळं कापड, छताला लाल दिवा. आमची तांदळाची मोठी टाकी आत आणि मी बाहेर. "वहिनी, उघडू नका," असा आतून आवाज यायचा, आणि मी हातात रिकामं पातेलं घेऊन फोटो धुतले जाण्याची वाट पाहत उभी. त्या काळात आमच्या भाताला एक वेगळाच वास यायचा. आमचे हे तांदूळ बदलायला हवा असं म्हणाले, भाऊ बदलायला हवा असं म्हणाले नाहीत.

गावातही त्यांची कीर्ती पसरली होती. बालाघाटच्या माणसाला कॅमेरा दिसला की तो आधी केस सारखे करतो, मग शर्टाचं वरचं बटण लावतो आणि मग हात शरीराला चिकटवून उभा राहतो. भाऊजी पानठेल्यावर कॅमेरा रोखायचे आणि सगळं गिऱ्हाईक असं सावधान उभं राहायचं. "आप लोग हट जाइए, मुझे ठेला चाहिए," ते म्हणत. माणसं बाजूला होत आणि कायमची दुखावत. कोर्टाबाहेर झाडाखाली बसणारे टायपिस्ट तर त्यांना लांबून पाहिलं की मशीनवर कापड टाकत. आमचे हे ऑफिसात गेले की विचारणा व्हायची, "आपके भाई साहब ठीक हैं ना अब?"

मग कॅलेंडर झालं. ह्यांच्या ऑफिसातल्या एका मोठ्या साहेबांच्या मनात आलं की जिल्ह्याचं सुंदरसं कॅलेंडर काढावं, आणि देशभर नाव झालेला फोटोग्राफर आपल्याच गावात आहे म्हणून त्यांनी भाऊजींना बोलावलं. आमच्या ह्यांची छाती आठवडाभर फुगलेली होती. भाऊजींनी मन लावून काम केलं आणि बारा फोटो नेऊन टेबलावर मांडले. बस स्टँडवरचा बाक. रॉकेलच्या रांगेत माणसांऐवजी लावलेले डबे. सायकलच्या दुकानाबाहेर टांगलेली ट्यूब. ऑटोच्या मागच्या काचेतून दिसणारा कचेरीचा रस्ता. हे ह्यांनी मला नंतर सांगितलं, ते तिथे उभे होते.

"इसमें टायगर कहाँ है?" साहेबांनी विचारलं.

"साहब, टायगर बैहर की तरफ रहता है. हम लोग रेलवे फाटक पर रहते हैं." आणि भाऊजींनी फाटकाचा फोटो पुढे सरकवला.

साहेबांनी तो निरखून पाहिला. "फाटक तो बंद है."

"जी. अक्सर."

"खुला हुआ नहीं मिला?"

"खुले में कोई रुकता नहीं, साहब. देखेगा कौन?"

कॅलेंडर निघालं. त्यात बारा महिने वाघ होता. एकच वाघ, कधी डावीकडे तोंड करून तर कधी उजवीकडे. भाऊजींना वाईट वाटलं नाही, कारण तोपर्यंत ते आसामात होते. ऑफिसात राहिले ते आमचे हे, आणि साहेब त्यांना वर्षभर 'फाटकवाले के भाई' म्हणत.

इतकं सगळं मी हसत सांगते आहे आणि तेव्हाही हसतच घेतलं. भाऊजी स्वभावाने गोड माणूस. आमच्या लेकीला ते दर वेळी काहीतरी आणायचे, माझ्या हातच्या वरणाची स्तुती करायचे. माझा जीव दुखला तो त्यांच्या एका लेखाने. नागपूरच्या एका पेपराच्या रविवारच्या पुरवणीत तो आला होता. भटकणाऱ्या माणसाचं घरी परतणं, असा विषय. भाऊजी बोलायचे वऱ्हाडी, पण लिहायचे छान पुस्तकी मराठी. लिहिलं होतं की परतणाऱ्याची वाट घराचा उंबरठा पाहत असतो. दार उघडतं. चूल पेटते. ताट मांडलं जातं. आमच्या ह्यांनी तो लेख मोठ्याने वाचून दाखवला आणि चष्मा पुसला.

मी पुरवणी घेऊन पुन्हा वाचली. अख्ख्या लेखात माणूस नव्हता. दार उघडतं म्हणे. तीनदा उघडतं, कणकेच्या हातांनी उघडतं, हे मला माहीत होतं. ताट मांडलं जातं. कोणाकडून, ते सांगायची व्याकरणात सोय आहे, ती त्यांनी वापरली नव्हती.

आणि त्याच वर्षात मी माझ्या घरी परतायचं चौथ्यांदा की पाचव्यांदा पुढे ढकललं होतं. मिरजेला मी गेले होते ती आई गेली तेव्हा, आणि तसल्या जाण्याला कोणी माहेरपण म्हणत नाही. त्यानंतर दर सुट्टीत जायचं ठरे. बालाघाटहून अरुंद रुळांची छोटी गाडी, गोंदियाला मोठी गाडी, मग पुण्यावरून मिरज, असा सगळा प्रवास मी तोंडपाठ करून ठेवला होता. बॅग भरायला काढावी आणि फोन यावा, "येऊन राह्यलो." मग हे म्हणत, "तो आताच येऊन राह्यला, तू कशी जातं? जाऊ ना पुढच्या महिन्यात." जगभर हिंडणाऱ्या माणसाला परतायला घर लागतं, आणि घराला घरात कोणीतरी लागतं. ते कोणीतरी मी होते. आबांना मी फोनवर सांगायचे, दीर आलेत. आबा म्हणायचे, बरं बरं, त्यांचं नीट कर.

मग एके दिवशी आबांचाच फोन आला. तोपर्यंत आमच्याकडे स्वतःचा फोन आला होता. आबा पोस्टातून निवृत्त झालेले, त्यामुळे तारेसारखंच बोलायचे. "घर विकलं. दादा मला पुण्याला नेतोय. महिनाअखेर किल्ली द्यायची आहे. जमलं तर ये, नाही जमलं तरी हरकत नाही."

मी त्याच संध्याकाळी ह्यांना स्टेशनवर तिकिटाला पाठवलं. मला त्या घरात आबांबरोबर आणखी एकदा राहायचं होतं. ते गेलं की मिरज हे गाव माझ्यापुरतं फक्त गाडी थांबते असं एक स्टेशन उरणार होतं. ह्यांनी तिकीट आणलं, मी बॅग भरली, आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन वाजला. मी उचलला नाही. ह्यांनी उचलला, ऐकला, ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कळलं," मी म्हटलं. "येऊ द्या त्यांना. मी जाते."

भाऊजी दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मी दार उघडलं तेव्हा माझ्या हातात बॅग होती.

"वहिनी, अजून एकबार..."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही आत या, मी बाहेर येते. दार तुम्ही लावून घ्या."

"कुठं चाल्ल्या?"

"घरी."

ते खरोखर बुचकळ्यात पडले. "घर तं हे हाये."

"हे तुमचं. तुम्ही दर वेळी परत येता ते. मी माझ्या घरी चालले आहे. लेकीची परीक्षा आहे, ती राहील. तांदूळ टाकीत आहेत. लाल दिवा लावायचा की भात शिजवायचा, ते तुम्ही ठरवा."

ऑटो दारात आला होता. भाऊजी कॅमेऱ्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मी ऑटोत बसले तेव्हा ते पायरीवरून म्हणाले, "पण तुमी नसान, तं मी आलो कुठं, वहिनी?" मी ऑटोवाल्याला निघायला सांगितलं. गाडीची वेळ झाली होती, आणि फाटक बंद असण्याची शक्यता होती.

मिरजेला आबांनी दार उघडलं. ते वाकले होते, बनियनवर पंचा टाकला होता. "आलीस?" ते म्हणाले. त्यांच्या मागे ओळखीचा अंधारलेला बोळ, टोकाला नळ, नळाखाली पितळेची बादली. मी आत पाऊल टाकणार, आणि माझ्या तोंडून गेलं, "आबा, जरा दार लावून घ्या. आणि पुन्हा उघडा."

आबांनी का म्हणून विचारलं नाही. दार लावलं. मी बाहेर बॅग घेऊन उभी राहिले, आतून कडी घातल्याचा आवाज ऐकला, मग काढल्याचा. दार उघडलं. "आलीस?" आबा म्हणाले, अगदी मघासारखंच. मला रडू फुटलं. भाऊजींचा भयंकर राग आला, कारण घरापासून दूर जाण्याबद्दल ते म्हणत होते ते खरं होतं, आणि माझ्याजवळ कॅमेरा नव्हता.

आठवडाभराचं सांगून गेले होते, पण सामान आवरता आवरता तो कधीच संपला. आबांचा फोन कापून झाला होता. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून बालाघाटला लावला. हे दौऱ्यावर बैहरला होते. भाऊजींनी उचलला. लाइनवर नुसती खरखर. मी ओरडून सांगितलं, "मी इथे आबांजवळ येऊन राहिलेय. घर रिकामं होईपर्यंत राहीन. काळजी करू नका."

"हौ हौ," ते म्हणाले. "बस झालं वहिनी, समजलं." आणि त्यांच्या सवयीप्रमाणे फोन ठेवून दिला.

मी निर्धास्त झाले. आबांबरोबर त्या रिकाम्या होत जाणाऱ्या घरात राहिले. भांडी बांधली, आईच्या साड्या वाटल्या, संध्याकाळी पायरीवर बसून दोघांनी शेंगा खाल्ल्या. महिनाअखेर दादा आला, किल्ली दिली, ते दोघे पुण्याला उतरले आणि मी तशीच पुढे गोंदियाकडे निघाले. पुण्याच्या फलाटावर आबा म्हणाले, "पोचलीस की कळव." मिरजेला असताना ते कधी असं म्हणत नसत.

छोटी गाडी बालाघाटला लागली तेव्हा दुपार होती. उतरले तर बाकावर भाऊजी बसलेले. दाढी वाढलेली, शर्टावर हळदीचे डाग, कॅमेरा मांडीवर. मला पाहून ते उठले आणि कॅमेरा मांडीवरून खाली पडायचा वाचला.

"बाप्पा वहिनी," ते म्हणाले, "किती येऊन राह्यल्या तुमी."

मला काही कळेना. ते घरी लेकीने सांगितलं, शाळेच्या हिंदीत. "मम्मी, काका हर गाड़ी देखने जाते थे. बोलते थे, वहिनी का फोन आया है, येऊन राह्यल्या. पापा बोले, इतना टाइम कैसे लगेगा? तो काका बोले, लगता है, मेरे को भी लगता है."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी माझ्या मराठीत सांगितलं होतं की आले आणि राहिले. त्यांनी त्यांच्या मराठीत ऐकलं होतं की निघाले, रस्त्यात आहे. आणि तेवढ्या दिवसांत बालाघाट स्टेशनवर येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते गेले होते. आयुष्यभर 'येऊन राह्यलो' म्हणून फोन ठेवणाऱ्या माणसाने ते वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या बाजूने सोसलं होतं. मी इतकी हसले की शेजारीण कुंपणाशी आली. भाऊजीही हसले, पण जरा उशिराने.

घरात पोळ्या होत्या. आकार आसामासारखा, पण होत्या. कोठीच्या खिडकीवरचं काळं कापड निघालं होतं, लाल दिव्याच्या जागी साधा दिवा आला होता. तांदूळ शोधताना त्यांनी उजेड केला आणि धुवायला ठेवलेला अख्खा रोल गेला, असं लेकीने सांगितलं. भिंतीवरच्या माझ्या डागाशेजारी दुसरा एक डाग पडला होता, जरा उंचावर.

त्या खेपेला ते बरेच दिवस राहिले. पिशवीतला साबण मोरीत आला. मग एका सकाळी तो परत पिशवीत गेला आणि ते निघाले. निघताना त्यांनी पेपरात गुंडाळलेली एक फ्रेम माझ्या हातात दिली. आत बालाघाट स्टेशनचा फोटो होता. बुटका फलाट, रिकामा बाक, चहावाल्याची किटली, आणि कडेला निघून चाललेल्या छोट्या गाडीचा शेवटचा डबा. कोणीही उतरलेलं नाही. आपल्या फोटोंना नाव देणं त्यांना बाष्कळ वाटे, पण याच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: वहिनी येऊन राह्यल्या.

मी ते आधी त्यांच्या भाषेत वाचलं. मग माझ्या भाषेत वाचलं. मिरजेच्या घराची किल्ली देऊन झाली होती, त्यामुळे दोन्ही भाषांत ते आता खरंच होतं.

त्यानंतर ते काही वर्षं नेहमीसारखे येत-जात होते. दारात आले की आधी मला "कशा हात वहिनी" विचारायचे आणि मग दार पुन्हा उघडायला सांगायचे. पुढे छोटी लाइन गेली, मोठी आली, तो फलाटही उखडला. भाऊजींचा शेवटचा फोन कुठल्यातरी डोंगरातून आला होता. मीच उचलला होता. "वहिनी, येऊन राह्यलो," ते म्हणाले. त्यालाही आता पुष्कळ काळ लोटला. ह्यांनी खूप चौकशी केली, पत्ता लागला नाही. आता हे त्यांचा विषय निघाला की पेपरात शिरतात. मी मात्र तो फोन स्वतः ऐकला आहे, आणि इथल्या व्याकरणाप्रमाणे ते अजून रस्त्यात आहेत. पोळ्यांची कणीक मी एका माणसापुरती जास्त भिजवते.

फ्रेम कोठीत तांदळाच्या टाकीवर लावली आहे. लेकीच्या मैत्रिणी येतात, तांदूळ काढायला मदत करतात, आणि त्यांतली एखादी फोटोसमोर थांबते.

"आंटी, ये किसका फोटो है?"

"माझा."

ती जवळ जाऊन नीट पाहते. बाक पाहते, किटली पाहते, गाडीचा डबा पाहते. "पर इसमें तो कोई नहीं है."

"मी हाये ना," मी म्हणते. "येऊन राह्यली."